एअर पिस्तूल: महिन्याला चार डबे छर्रे परवडेनात, सराव कसा बसवायचा?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्तूल, साठ शॉटांचा स्कोअर ६०० पैकी ५३० ते ५४० मध्ये अडकलेला. पिस्तूल पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं), सिलिंडर २०० बारचा. सध्या आठवड्याचे पाच दिवस, रोज शंभर शॉट असं गणित आहे. म्हणजे महिन्याला २१०० च्या पुढे छर्रे, ५०० चे चार डबे संपून पाचवा फुटतो. सगळे आयात मॅच (स्पर्धेचे) छर्रे घेतले तर हे झेपत नाही.

विचारायचं असं की, साधे स्वस्त छर्रे सरावाला चालतील का, की त्यानं हात बिघडतो? चालत असतील तर कोणता डबा आपल्या नळीला बसतो हे चार-पाच डबे वाया न घालवता कसं ठरवायचं? आणि घरी हॉलमध्ये उभं राहायच्या जागेपासून कार्डापर्यंत ७ मीटर सरळ मिळतात, तिथं काही करता येईल का? सांगली-मिरजेत छर्र्यांचा साठा कायम नसतो, बहुतेक माल पुण्याहून किंवा कुरिअरनं मागवावा लागतो, त्यामुळे चुकीचा डबा आला की महिना जातो.

पुढं २५ मीटर .२२ कडं (०.२२ इंची काडतुसांच्या पिस्तुलाकडं) वळायचा विचार आहे. त्या काडतुसांचा खर्च कसा आवरतात तेही कुणी सांगितलं तर बरं.

संथ_कृष्णा

छर्रा बघायच्या आधी कार्ड (ज्यावर नेम धरतो तो कागद) बघा, निम्मं उत्तर तिथंच आहे.

एअर पिस्तूलच्या कार्डावर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं. त्यापुढं प्रत्येक रिंग व्यासाला १६ मिमीनं वाढते: नऊ २७.५, आठ ४३.५, सात ५९.५ (सातपर्यंत काळं). छर्रा ४.५ मिमीचा, आणि त्याची कड रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्र्याचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा. १६ मिमीच्या आत नऊ. दशांशात मोजलं तर ०.८ मिमीला एक दशांश.

आता तुमचा ५३५ धरा. सरासरी ८.९. याचा अर्थ तुमचा सरासरी शॉट केंद्रापासून १२-१३ मिमीवर पडतोय. चांगला मॅच छर्रा टेकू देऊन मारला तर केंद्रापासून सरासरी २ मिमीच्या आसपास विखुरतो. स्वस्तातला बरा छर्रा ४ मिमी धरू. हाताचा फैलाव आणि छर्र्याचा फैलाव यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. १३ आणि २ चे होतात १३.१५, १३ आणि ४ चे होतात १३.६. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. साठ शॉटांत तीन-साडेतीन गुण.

सरावात ते तीन गुण गेले तर काय बिघडलं? तेच ५७५ वाल्याचं गणित करा. त्याचा हात ८ मिमीचा, मग ८.२५ आणि ८.९५. त्याला तोच स्वस्त छर्रा पाच गुणांना पडतो, आणि शिवाय चांगला सुटलेला शॉट नऊ दिसला की तो उगाच स्वतःत चूक शोधत बसतो. हात बिघडतो म्हणतात ते याच अर्थानं. तुमच्या पातळीवर हा धोका अजून लांब आहे.

म्हणून दोन डबे ठेवा. सरावाचा एक, मॅचचा एक. मॅचचा डबा स्पर्धेच्या आधी तीन आठवडे आणि आठवड्यातल्या एका पूर्ण ६० शॉटांच्या दिवशीच उघडायचा. दोन्ही डब्यांचा मार थोडा इकडंतिकडं पडतो, तेव्हा साईट (नेम धरायचा भाग) किती क्लिक (फिरवायचे टप्पे) कुठं हे वहीत लिहून डब्याच्या झाकणावरही चिकटवा. डोक्यात ठेवलं तर ऐन स्पर्धेत विसरतं.

एक अट मात्र पाळा. स्वस्त असला तरी छर्रा चपट्या डोक्याचाच हवा. गोल किंवा टोकदार डोक्याचा छर्रा कागद फाडतो, भोकाची कड कळत नाही आणि गुण मोजता येत नाहीत. आणि पोलादी गोळ्या चुकूनही खाच असलेल्या नळीत घालू नका, नळीच्या खाचा खरवडून निघतात.

दहा_पॉइंट_नऊ

डबा निवडायची पद्धत सांगतो. सगळ्यांकडून होणारी पहिली चूक अशी की पाच शॉट मारायचे, एक छान ग्रुप (भोकांचा पुंजका) आला की पाच डबे मागवायचे. पाच शॉटांचा ग्रुप योगायोगानं कुणाचाही छान येतो.

दोन-तीन वेगवेगळ्या बनावटीचे एकेकच डबे घ्या, किंवा क्लबातल्या चौघांनी मिळून चार प्रकार मागवा आणि प्रत्येकाकडून ५०-५० वाटून घ्या. हे सगळ्यात स्वस्त. डब्याच्या मागच्या चिठ्ठीवर डोक्याचा व्यास (४.४९, ४.५०, ४.५१ असा) आणि लॉट (एकदम बनवलेल्या खेपेचा) नंबर असतो, तो लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

चाचणीच्या दिवशी टेबलावर वाळूची घट्ट पिशवी. पिस्तुलाची ग्रिप तिच्यावर टेकवायची, नळी नाही. नळी किंवा सिलिंडर टेकवला की मार वर जातो. छर्रा बदलला की पहिले १०-१५ शॉट धरायचेच नाहीत, कारण नळीत आधीच्या छर्र्याचं शिसं आणि तेलकटपणा असतो. मग दहा शॉटांचे तीन ग्रुप, प्रत्येक नव्या कार्डावर. वापरलेल्या कार्डाची कोरी मागची बाजू यासाठी बेस, फक्त मध्ये पेनानं एक ठिपका द्या.

मोजायचं व्हर्नियरनं. कुपवाडात, कारखान्यांच्या शेजारी राहता म्हणजे व्हर्नियर (मिमीचे भाग मोजायचं साधन) उसना मिळायला अडचण नाही. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा पकडा आणि आलेल्या आकड्यातून ४.५ वजा करा. कागद थोडा मिटतो म्हणून भोक प्रत्यक्षात ४.५ पेक्षा लहान दिसतं, पण सगळ्या डब्यांना एकच पद्धत लावली की तुलना बरोबर येते. तीन ग्रुपांची सरासरी काढा. १० मिमीच्या आत राहिला तो सरावाला पास. मॅचचा ६ च्या आत हवा.

नळीत बसवतानाच अर्धी गोष्ट कळते. अंगठ्यानं हलकं दाबून बसला पाहिजे. आपोआप घसरत आत गेला तर डोकं लहान आहे, वेग शॉटागणिक बदलेल. जोर लावावा लागला तर स्कर्ट (छर्र्याचा मागचा पातळ घेर) कापला जातो आणि शिशाची बारीक कात नळीच्या तोंडाशी साचते. काही दिवसांनी ग्रुप अचानक फुटतात आणि माणूस पिस्तूल दुरुस्तीला पाठवतो. खरं कारण ती कात.

डब्यातले खराब छर्रे ओळखायला सराफाचा काटा लागत नाही. खिडकीची काच आडवी ठेवा, किंचित तिरकी करा आणि दहा-दहा छर्रे सोडा. चांगले सगळे एकाच वळणानं घरंगळतात. स्कर्ट चेपलेला मधूनच वेगळीकडं वळतो किंवा अडखळतो. तो बाजूला काढून साईटरला (मॅचआधीच्या, न मोजल्या जाणाऱ्या शॉटांना) वापरा. वजन करून वेगळे काढण्याचा उद्योग १० मीटरवर, तोही सरावाच्या छर्र्यांना, फुकट वेळ घालवणं आहे. (करणारे करतात. त्यांना छर्र्यापेक्षा काट्यात जास्त गंमत वाटते.)

डबा गाडीच्या डिकीत टाकून मिरज-सांगली रोज नेलात तर चांगले छर्रेही खराब होतील. शिसं मऊ असतं, धक्क्यांनी स्कर्ट चेपतात. डब्यातली फोमची चकती फेकू नका, ती त्यासाठीच दिलेली असते. रोजचे ८०-१०० वेगळ्या छोट्या डबीत न्या. पावसाळ्यात छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते तो शिशाचा गंज. तसे छर्रे नळीत घालू नयेत, आणि ती भुकटी हातालाही लागू देऊ नये. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

नळी साफ करायला दर डब्यामागे दोन-तीन फेल्टचे बोळे पुरेत. रोज साफ केलीत तर पहिले दहा शॉट रोज वाया.

कराडची_ताई

वर सगळं छर्र्यांवर चाललंय. खर्च कमी होतो तो शॉट कमी केल्यानं, छर्रा स्वस्त केल्यानं नाही. रोज शंभर शॉट मारायची गरज कुणी सांगितली तुम्हाला?

तुमच्या पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असणारच, मॅच पिस्तुलांना असते. हवा न सोडता फक्त ट्रिगर चालतो. आठवडा असा लावा:

सोमवार, गुरुवार: एकही छर्रा नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय, ४० वेळा. कार्ड लावायचं नाही. कार्ड दिसलं की नजर तिकडं पळते, आणि भिंतीवर बघायला पुढची साईट सोडून दुसरं काही नसतं. ट्रिगर सुटताना ती साईट हलली का, एवढंच पाहायचं.

मंगळवार, शुक्रवार: तीन ड्राय, एक छर्रा. चाळीस छर्रे, म्हणजे १२० ड्राय. तासाभराचं काम आहे, खांदा बोलायला लागतो.

रविवार: पूर्ण मॅच. १५ मिनिटं तयारी आणि साईटर, मग ६० शॉट. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं, कागदावर ९०. साईटर धरून ८० छर्रे.

बेरीज करा: ४० आणि ४० आणि ८०, आठवड्याला १६०. महिन्याला सातशेच्या आत, म्हणजे दीड डबा. चारऐवजी दीड. समजा डबा ११०० ला पडला तर छर्रा २ रुपये २० पैशांना, आणि महिन्याला सव्वातीन हजार वाचले. त्या पैशात मॅचचाच छर्रा वर्षभर वापरा की! मग दोन डबे आणि क्लिकांच्या चिठ्ठ्या हा पसाराच नको.

संथ_कृष्णा

ताई, वेळापत्रक चांगलं आहे, पण ड्रायवर इतका भार टाकला तर एक गोष्ट बिघडते. भिंत खोटं बोलत नाही हे खरं, पण खरंही सांगत नाही. ट्रिगर ओढताना मनगट किंचित डावीकडं गेलं तरी डोळा "छान होता" म्हणतो. छर्रा कार्डावर पडला की भांडं फुटतं. ५३५ वाल्याला अजून स्वतःचा शॉट सांगता येत नसतो.

म्हणून मधल्या दोन दिवसांच्या त्या ४० छर्र्यांना एक काम लावा. शॉट सुटला की कार्ड किंवा स्क्रीन बघायच्या आधी वहीत ठिपका मारायचा: कुठं गेला वाटतं, घड्याळाच्या काट्यात आणि गुणात. "साडेसातला, नऊ." मग बघायचं. चाळीसपैकी तीसाच्या वर जुळायला लागले की मग ड्राय वाढवा. तोवर ड्राय आणि छर्रे निम्मे-निम्मे.

कराडची_ताई

वहीचं मान्य. निम्मे-निम्मे नाही. दोन ड्रायला एक छर्रा.

माधवनगर_फॅब

७ मीटरच्या हॉलचं बघू.

कार्ड त्याच प्रमाणात लहान करावं लागतं. ७ मीटरला ०.७ पट: काळं ५९.५ ऐवजी ४१.६५ मिमी, दहा ८.०५ मिमी. झेरॉक्सच्या दुकानात ७० टक्के म्हणून सांगा आणि प्रिंट हातात आली की काळ्याचा व्यास पट्टीनं मोजा. प्रिंटरवर "पानात बसवा" हा पर्याय चालू राहिला की कार्ड तीन-चार टक्के आणखी आक्रसतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. साध्या ए-फोर कागदाच्या छर्र्यानं चिंध्या होतात, त्यामुळे जाड कार्डशीटवर प्रिंट घ्या. छर्रा मात्र ४.५ चाच राहतो, म्हणून घरच्या कार्डावर गुण मोजू नका, ते फुगलेले येतात. घरी ग्रुप बघायचा.

उंचीतही फरक पडतो. १० मीटरवर कार्डाचं केंद्र जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असतं. तुमचा डोळा १५५ वर असेल तर नजरेची रेघ १० मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतरते, ७ मीटरमध्ये साडेदहा. म्हणजे घरी केंद्र १४४-१४५ वर लावा. १४० वरच लावलंत तर हात रोज थोडा खाली थांबायची सवय लावून घेईल. साईटचे क्लिक घरी एकदा लावले की क्लबात जाताना परत फिरवा, तेही वहीत.

आता छर्रे अडवायची पेटी. १२ मिमी प्लायची, तोंड ३० बाय ३० सेंमी, खोली २५. आत ३ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा तिरका, वरची कड तुमच्याकडं झुकलेली, साधारण ४५ अंश. छर्रा पत्र्यावर आपटून खाली वळतो. पत्रा उलटा झुकवलेली पेटी पाहण्यात आली आहे. त्यात छर्रा वर उडून छताकडं जातो. तळाशी आणि पत्र्यासमोर चिंध्या. विट्याच्या मागवाल्यांकडं सुताची वेस्ट किलोवर मिळते, ती घट्ट कोंबा. नुसता पत्रा असेल तर प्रत्येक शॉटला टण्णकन आवाज येतो आणि खालच्या मजल्यावरचे तिसऱ्या दिवशी वर येतात. चिंध्यांत एकाच जागी मारून बोगदा पडतो, म्हणून दर ५०० शॉटला हातानं (हातमोजे घालून) ढवळून परत भरा.

साखर कारखान्याच्या भंगारातला जुना कन्व्हेयर पट्टा पुढं लावायचा मोह होतो, स्वस्त आणि टिकाऊ दिसतो. पुढं लावू नका. कडक रबरावर छर्रा उसळतो आणि सरळ मागं येतो. लावायचाच तर पत्र्याच्या मागं, आवाज मारायला. डोळ्यांवर चष्मा तरीही हवाच, पेटी कितीही चांगली असली तरी.

पेटीमागं भरीव भिंत हवी, खिडकी किंवा दार नको. हॉलला बाजूनं दार उघडत असेल तर आतून कडी. मधे कुणी येऊ शकेल अशी एकही वाट उघडी ठेवायची नाही. एअर पिस्तुलाचा छर्रा १५० मीटर प्रतिसेकंद वेगानं सुटतो, अर्ध्या ग्रॅमचा असला तरी डोळा घालवायला पुरतो.

सफाई कोरड्या झाडूनं करू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं वेगळं ठेवा. सराव झाला की साबणानं थंड पाण्यात हात धुवा, त्याआधी खाणं-पिणं, तंबाखू काही नको. घरात लहान मूल रांगत असेल तर हॉलमध्ये छर्रेच नकोत, फक्त ड्राय.

५०० छर्रे म्हणजे पाव किलो शिसं. चार डब्यांचं किलोभर साठलं की भंगारवाला घेतो. घरच्या गॅसवर वितळवून वड्या करायच्या भानगडीत पडू नका, शिशाची वाफ स्वयंपाकघरात राहते. आणि कार्डावर मारलेला छर्रा परत वापरता येतो का, असा प्रश्न नेहमी येतो. येत नाही. खाचांनी तो एकदा कोरलेला असतो.

वाईकर_२५मी

.२२ बद्दल. आधी कायद्याचं, मग खर्चाचं.

४.५ मिमी व्यासाच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही (तुमचं मॅच पिस्तूल ६ जूलच्या आसपास असतं). तरी बिल आणि ओळखपत्राची प्रत पेटीतच ठेवा, नेताना पिस्तूल बंद पेटीत. .२२ हे मात्र पूर्ण अग्निशस्त्र, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली. काडतूस विकत घ्यायचं तर परवान्यावर, अधिकृत विक्रेत्याकडूनच, परवान्यात लिहिलेल्या बोअरचंच (नळीच्या व्यासाचंच) आणि लिहिलेल्या संख्येतच. प्रत्येक खरेदीची नोंद होते. "मित्राच्या परवान्यावरची पन्नास देतो" हा स्वस्त मार्ग कुणी सुचवला तर हात जोडा. देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. पोकळ काडतुसं परत भरणं हाही मार्ग नाही. .२२ चं प्रायमर (ठोक्यानं पेटणारा मसाला) कडेच्या आत ओतलेलं असतं, ती कड एकदा चेपली की संपलं.

म्हणून सुरुवात रेंजवर, क्लबाच्या पिस्तुलानं आणि क्लबाच्या काडतुसांनी. पुण्याला बालेवाडीच्या संकुलात २५ मीटरची रेंज आहे. आपल्याकडं हा खेळ नवा नाही, शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलातच सुवर्ण घेतलं. रेंजवर उरलेली काडतुसं मोजून परत द्यायची. खिशात विसरून एक घरी आलं तरी ते विनापरवाना काडतूसच.

खर्च असा वाढतो: २५ मीटर पिस्तुलाची मॅच ६० शॉटांची. ३० प्रिसिजन (सावकाश नेम धरून), पाच-पाचच्या सहा फेऱ्या, प्रत्येकीला पाच मिनिटं. मग ३० रॅपिड (झटपट), टार्गेट ३ सेकंद समोर आणि ७ सेकंद बाजूला, हात प्रत्येक वेळी खाली. दोन्ही टप्प्यांत पाच-पाच साईटर. म्हणजे ७०, आणि पाकीट ५० चं. दोन पाकिटं फोडल्याशिवाय मॅच होत नाही.

रॅपिडचा हात वर यायचा सराव काडतुसाशिवाय होतो, आणि तोच सगळ्यात जास्त लागतो. एअर पिस्तूल घ्या, हात ४५ अंशांखाली, मोबाइलवर ३ आणि ७ सेकंदांचा टायमर. हात उचलायला पहिला सेकंद, दुसऱ्यात साईट स्थिर, तिसरा संपायच्या आत ट्रिगर. शंभर वेळा. मग रेंजवर २० काडतुसांत कळतं की घरचं जमलं का. एअर पिस्तूल चांगलं चालवणारा .२२ ला निम्म्या काडतुसांत शिकतो.

काडतूस घेताना "स्टँडर्ड व्हेलॉसिटी" (साध्या वेगाचं) बघा. हाय व्हेलॉसिटी स्वस्त मिळालं तरी नको. मॅच पिस्तुलाची स्प्रिंग स्टँडर्डसाठी बसवलेली असते, जास्त जोरानं स्लाइड मागं आपटते, आणि गोळी आवाजाच्या वेगापलीकडं जाऊन परत खाली येताना विस्कटते. एकाच लॉटचे जमतील तेवढे घ्या. लॉट बदलला की साईट परत लावण्यात दहा काडतुसं जातात. गोळीवर मेणाचा लेप असतो, एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तो वितळतो, त्यावर धूळ बसते, चेंबरमध्ये (काडतूस बसायच्या जागेत) चिकटा होतो आणि मग काडतूस अर्धवट बसून अडकतं.

घोडा पडला आणि बार झाला नाही तर पिस्तूल टार्गेटकडंच धरून तीस सेकंद थांबायचं. उशिरानं पेटणारं काडतूस असू शकतं. लगेच तोंड फिरवून बघायला जाणं ही नवख्यांची सवय. रेंज ऑफिसर तिथल्या तिथं बाहेर काढेल, आणि योग्यच करेल.

आणि .२२ रिकामं असताना खाटखाट ट्रिगर ओढू नका. एअर पिस्तुलासारखी सोय प्रत्येकात नसते. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथं खाच पडते, मग काडतूस नीट निघत नाही. पिस्तुलाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, नाहीतर प्लास्टिकचं डमी काडतूस घालून.

कुपवाडकर

सगळ्यांचे आभार. ताईंचं वेळापत्रक आणि संथ_कृष्णांची वही दोन्ही सुरू करतो, दोनास एक. पेटीसाठी एमआयडीसीत पत्रा वाकवायला टाकतोय, वरची कड आपल्याकडं हे चिठ्ठीवर लिहूनच.

एक राहिलं. घरी ट्रिगरचं वजन तपासता येतं का? ड्राय जास्त करायचं तर ट्रिगर ५०० ग्रॅमवरच हवा, आणि क्लबातलं मापाचं वजन घरी आणता येत नाही. आणि २०० बारची हवा घरीच भरायची तर हातपंपाशिवाय काय?

दहा_पॉइंट_नऊ

वाण्याकडचं अर्धा किलोचं लोखंडी माप घ्या. त्याला तारेचा हूक करून बांधा, हुकाच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा चढवा म्हणजे ट्रिगर ओरखडत नाही. तार आणि नळीसकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, ५०८-५१० भरेल. तेवढंच हवं, अगदी ५०० वर ठेवलेला ट्रिगर स्पर्धेच्या दिवशी थंडीत ४९५ ला सुटतो आणि तपासणीत नापास होतो.

छर्रा न घालता पिस्तूल कॉक करा (ट्रिगर चढवा), नळी सरळ वर, छताकडं. माप जमिनीवर ठेवून हूक ट्रिगरच्या मध्यावर अडकवा आणि पिस्तूल हळूहळू उचला. माप जमिनीपासून सुटलं आणि ट्रिगर टिकला तर पास. झटका दिलात तर कुठलाही ट्रिगर सुटतो. तीनदा करा. हवेचा दाब असताना आणि ड्राय स्विचवर, दोन्हीकडं बघा, काही पिस्तुलांत दहा-वीस ग्रॅमचा फरक पडतो.

हवेसाठी हातपंप बरा, फक्त मधे मधे थांबा. पंप तापला की सील जातं आणि गरम हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पावसाळ्यात पंपाचा तळाचा स्क्रू उघडून पाणी काढत जा. पंपाला आणि सिलिंडरच्या तोंडाला साधं तेल किंवा ग्रीस नको, फक्त सिलिकॉन. दाबाखाली तेल पेटतं. आणि वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीच नाही, कुणी कितीही "हवाच की" म्हटलं तरी. सिलिंडरवर तारीख कोरलेली असेल, बनवणारे साधारण दहा वर्षांची मुदत देतात. जुनं पिस्तूल घेतलं असेल तर आजच ती तारीख वाचा.